ईडीआय अकाउंटिंगला जोडायचंय? आधी कोड आणि युनिट जुळवा

मोठ्या ग्राहकाचा मेल येतो की यापुढे ऑर्डर आणि बिलं फक्त ईडीआयनेच (म्हणजे कागद किंवा मेलऐवजी ठरलेल्या साच्यातली फाईल एका कंपनीच्या सिस्टीममधून थेट दुसरीच्या सिस्टीममध्ये), आणि ऑफिसात पहिला प्रश्न निघतो, सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं? ते नंतर बघा हो. जोडणारा कनेक्टर पैसे दिले की मिळतो, पण ग्राहकाचे कोड आणि आपल्या अकाउंटिंगमधले कोड जुळवायचं काम आपल्यालाच बसून करावं लागतं आणि सगळा वेळ तिथेच जातो.

सुरुवात ग्राहकाच्या ईडीआय गाईडपासून करा. अमेरिकन ग्राहक असेल तर फाईलचा साचा (स्टँडर्ड) बहुतेक एक्स१२ असतो, तिथे ऑर्डर म्हणजे ८५०, माल निघाल्याची सूचना ८५६, बिल ८१०. बाकी बऱ्याच ठिकाणी एडिफॅक्ट हे दुसरं स्टँडर्ड चालतं, त्यात आकड्यांऐवजी नावं असतात, त्याच क्रमाने ऑर्डर्स, डेसॅड्व, इन्व्हॉइक अशी. स्टँडर्ड एकच असलं तरी प्रत्येक ग्राहक त्यातली आपल्याला हवी तीच फील्डं वापरतो, म्हणून एकाचं मॅपिंग, म्हणजे त्याचं कुठलं फील्ड आणि कोड आपल्या कशाशी जुळतो ती जुळवणी, दुसऱ्याला जसंच्या तसं चालेल असं धरून चालू नका. फाईल इंटरनेटवरून थेट एएस२ने किंवा एसएफटीपीने येणार की व्हॅन नावाच्या मधल्या नेटवर्क सर्व्हिसमधून, हेही त्याच गाईडमध्ये असतं, आणि हा भाग आयटीवाला उरकतो.

आता मॅपिंग. साध्या एक्सेलमध्ये तीन टेबलं करा: ग्राहकाचा डिलिव्हरी लोकेशन कोड आणि आपलं पार्टी लेजर, त्याचा आयटम कोड आणि आपला आयटम, त्याचं युनिट आणि आपलं युनिट. कोडचे कॉलम टेक्स्टच ठेवा, नाहीतर एक्सेल पुढची शून्यं गिळतं आणि ००४५१२ चा ४५१२ होतो, मग बिलावरचा कोड जुळत नाही म्हणून ग्राहकाची सिस्टीम बिलच परत पाठवते.

युनिटवर जरा थांबतो कारण तिथे मी स्वतः आपटलोय. ऑर्डर आली १० केस, भाव ४८० प्रति केस, एका केसमध्ये २४ नग. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आयटम नगावर होता आणि युनिटचं टेबल मी केलंच नव्हतं, त्यामुळे एंट्री पडली १० नग, भाव ४८०. एकूण ४,८०० बरोबर, बिल पास, पैसेही आले! गोडाऊनवाल्याला सवयीने माहीत होतं की हे लोक खोक्यानेच घेतात, त्याने १० खोकी पाठवून दिली. महिन्याच्या शेवटी स्टॉक मोजला तर वहीत २३० नग जास्त. रक्कम जुळली म्हणजे एंट्री बरोबर असं तेव्हापासून मी मानत नाही, २४० नग गुणिले २० असंच पडायला हवं होतं.

दुसरं, आलेली फाईल थेट खात्यात पोस्ट करू नका. मध्ये एक स्टेजिंग ठेवा, तिथे ऑर्डर येऊन थांबेल, आयटम सापडला का, भाव आपल्या रेट लिस्टशी जुळतो का, हा ऑर्डर नंबर आधी येऊन गेलाय का एवढं तपासून मगच सेल्स ऑर्डर बनेल. नेटवर्क अडकलं की तीच फाईल दोनदा येते, हे होतंच, आणि तपासणी नसेल तर माल दोनदा निघतो.

जाताना बिलाचं बघा. एक्स१२ च्या ८१० मध्ये शेवटच्या एकूण रकमेच्या सेगमेंटात दशांश चिन्ह लिहीतच नाहीत, शेवटचे दोन अंक आपोआप दशांश धरले जातात. म्हणजे ४,८०० चं बिल असेल तर तिथे ४८०००० जायला हवं, नुसतं ४८०० गेलं तर समोर ४८ वाचलं जातं. गंमत म्हणजे लाईनवरच्या भावात दशांश चिन्ह चालतं.

बिल पाठवलं की समोरून ९९७, म्हणजे फाईलची पोच, यायला हवा, एडिफॅक्टमध्ये त्याला कंट्रल म्हणतात. त्याचा अर्थ एवढाच की फाईल पोचली आणि तिची रचना तपासली, आणि त्यात नकारही असू शकतो, म्हणून आत उघडून बघा. बिल मंजूर झालं असा अर्थ काढू नका. तो आलाच नाही तर आपल्या वहीत येणं दिसतंय आणि ग्राहकाकडे बिलच नाही अशी अवस्था होते, म्हणून ज्या बिलांचा ९९७ दुसऱ्या दिवसापर्यंत आला नाही त्यांची यादी रोज सकाळी अकाउंट्सवाल्याला जाईल अशी सोय करा. आयटीला नको, अकाउंट्सलाच.

टेस्टिंगला छान छान ऑर्डर घेऊ नका, मुद्दाम बिघडवलेल्या घ्या, चुकीचा आयटम कोड, जुना भाव, नंतर क्वांटिटी बदललेली ऑर्डर. आणि लाईव्ह जाताना एक्स१२ च्या हेडरमधला टेस्टचा टी बदलून प्रॉडक्शनचा पी करायला विसरू नका, हसू येईल पण विसरतात.

पेमेंटची ८२० फाईल सगळ्यात शेवटी जोडा. तिच्यात ग्राहकाने कापलेली रक्कम कारणाच्या कोडसकट येते, तुटीचा वेगळा, उशिराच्या दंडाचा वेगळा, परत आलेल्या मालाचा वेगळा. प्रत्येक कोडला वेगळं लेजर द्या. सगळं डिस्काउंट खात्यात टाकलंत तर कुठली कपात भांडून परत मिळवायची तेच शोधता येत नाही.