सी भाषेत हँडल टेबल कसे लिहावे: क्रमांकाचा पुनर्वापर आणि ऑब्जेक्टचे आयुष्य

सी भाषेत एखादी लायब्ररी किंवा सर्व्हर लिहायला घेतला की एक निर्णय लवकर घ्यावा लागतो: बाहेरच्या कोडच्या हाती ऑब्जेक्टचा पॉइंटर द्यायचा, की नुसता क्रमांक देऊन त्याचा अर्थ आपल्यापाशी ठेवायचा. पॉइंटर एकदा दिला की तो कोणी कुठे साठवून ठेवला आहे याचा हिशोब आपल्याकडे राहत नाही. ऑब्जेक्टची मेमरी मोकळी केल्यानंतरही जुना पॉइंटर वरकरणी धडधाकट दिसतो आणि तो अजून वैध आहे का, हे तपासण्याची कोणतीही सोय भाषा देत नाही. क्रमांक मात्र प्रत्येक वापराच्या वेळी आपल्या दारात परत येतो, त्यामुळे तो तपासता येतो आणि नाकारताही येतो. अशा क्रमांकालाच हँडल म्हणतात, आणि क्रमांकावरून ऑब्जेक्टपर्यंत पोहोचवणारा अ‍ॅरे म्हणजे हँडल टेबल.

युनिक्समधला फाइल डिस्क्रिप्टर हे याचे सर्वांत परिचित उदाहरण आहे: ०, १, २ यांसारखा लहान पूर्णांक, जो कर्नलमधल्या टेबलाचा सरळ इंडेक्स असतो. विंडोजमध्ये कर्नल हँडलची मूल्ये चारच्या पटीत असतात आणि त्यांचे खालचे दोन बिट कर्नल पाहतच नाही. ते अ‍ॅप्लिकेशनला स्वतःच्या खुणेसाठी वापरता येतात. ऑब्जेक्टचा मालक एकच असेल, थ्रेडही एकच असेल आणि आयुष्य एका फंक्शनपुरते असेल, तर या सगळ्याची गरज नाही. तिथे साधा पॉइंटर वापरावा आणि पुढे जावे.

हँडलच्या आत काय असावे

निव्वळ इंडेक्स पुरत नाही. टेबलातला एकेक कप्पा म्हणजे स्लॉट; स्लॉट क्रमांक ५ मधले ऑब्जेक्ट नष्ट झाले आणि त्याच जागी दुसरे आले, तर जुना ५ आणि नवा ५ यांत फरक करता येत नाही. म्हणून हँडलचे दोन भाग करावेत: खालच्या बिटांत इंडेक्स आणि वरच्या बिटांत जनरेशन, म्हणजे हा स्लॉट आतापर्यंत कितव्यांदा वापरात आला आहे त्याचा आकडा. ३२ बिटांच्या हँडलमध्ये २० बिट इंडेक्सला आणि १२ बिट जनरेशनला दिले, तर १०,४८,५७६ स्लॉट मिळतात. स्लॉट ५ आणि जनरेशन ३ असेल, तर हँडल ३ गुणिले १०,४८,५७६ अधिक ५, म्हणजे ३१,४५,७३३ होते. ते ऑब्जेक्ट नष्ट करताना स्लॉटमधले जनरेशन ४ करावे. पुढच्या ऑब्जेक्टला ४१,९४,३०९ हे हँडल मिळेल आणि कोणी जुने ३१,४५,७३३ घेऊन आला, तर स्लॉट तोच असूनही जनरेशन जुळणार नाही. जनरेशन नष्ट करतानाच वाढवावे, नवे ऑब्जेक्ट देताना नव्हे. नाहीतर स्लॉट रिकामा असतानाच्या काळात जुने हँडल जुळत राहते.

जनरेशनची सुरुवात १ पासून करावी आणि आकडा फिरून परत आला की शून्य वगळावे, म्हणजे शून्य हे हँडल कायमचे अवैध राहते. कॅलॉकने (शून्याने भरलेली मेमरी देणाऱ्या फंक्शनने) मिळालेला किंवा आपण शून्याने भरलेला स्ट्रक्ट मग आपोआप 'काहीच धरलेले नाही' असा अर्थ देतो. अवैध मूल्य एकच असावे, याबाबत काटेकोर राहणे फायद्याचे ठरते. विंडोजमध्ये क्रिएटफाइल अपयशी ठरल्यास उणे १ परत करते, तर क्रिएटइव्हेंटसारखी अनेक फंक्शने शून्य परत करतात. त्यातच उणे १ हे चालू प्रोसेसचे छद्म हँडलही आहे, त्यामुळे न तपासलेले अपयश पुढच्या फंक्शनला 'ही प्रोसेस' असे वाटू शकते. नव्या लायब्ररीत असला वारसा निर्माण करण्याचे काहीच कारण नाही.

आणखी एक काळजी प्रकारांची. टाइपडेफ नवा प्रकार निर्माण करत नाही, तो केवळ टोपणनाव देतो; त्यामुळे सॉकेटचे हँडल टायमरच्या फंक्शनला दिले, तरी कंपायलर चकार शब्द काढत नाही. एकच पूर्णांक असलेला स्ट्रक्ट प्रत्येक प्रकारासाठी वेगळा घोषित केला, तर ही चूक कंपाइल करतानाच पकडली जाते. ६४ बिट लिनक्सवर असा लहान स्ट्रक्ट रजिस्टरमधूनच जातो, म्हणून वेगाची सबब इथे चालत नाही.

टेबल वाढवताना

स्लॉटमध्ये जनरेशन, ऑब्जेक्टचा प्रकार, ऑब्जेक्टचा पॉइंटर आणि पुढच्या रिकाम्या स्लॉटचा इंडेक्स एवढे असले की काम भागते. शेवटचे दोन युनियनमध्ये घालून काही बाइट वाचवण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण डीबगरमध्ये टेबल पाहताना पॉइंटर कोणता आणि इंडेक्स कोणता, हे ओळखण्यात जाणारा वेळ वाचलेल्या मेमरीपेक्षा महाग पडतो.

खरा धोका रीअलॉकचा, म्हणजे मेमरीचा आकार बदलताना ती दुसरीकडे हलवू शकणाऱ्या फंक्शनचा आहे. ऑब्जेक्ट प्रत्यक्ष स्लॉटमध्येच ठेवले असतील आणि टेबल वाढताना अ‍ॅरे दुसरीकडे हलला, तर त्या क्षणी कोणी आतला पॉइंटर धरून काम करत असल्यास तो हवेत लटकतो. यावर सोपा उपाय म्हणजे अ‍ॅरे कधीच न हलवणे: १,०२४ स्लॉटांचा एक ब्लॉक आणि असे १,०२४ ब्लॉक दाखवणारी डिरेक्टरी. इंडेक्सचे वरचे १० बिट ब्लॉक सांगतात, खालचे १० बिट त्यातला स्लॉट. २० बिटांचा हिशोब नेमका जुळतो, डिरेक्टरी ६४ बिट मशीनवर फक्त ८ किलोबाइट घेते आणि ब्लॉक लागेल तसे मागवता येतात. विंडोज कर्नलचे हँडल टेबलही अशाच स्तरांचे आहे. लिनक्समध्ये मात्र डिस्क्रिप्टर टेबल वाढवताना मोठा अ‍ॅरे घेऊन जुन्यातले पॉइंटर त्यात नकलले जातात आणि जुना अ‍ॅरे वाचणारे सगळे बाहेर पडल्यावरच तो मोकळा केला जातो. तिथे हे चालते, कारण अ‍ॅरेत केवळ पॉइंटर असतात, ऑब्जेक्ट नव्हेत.

क्रमांक पुन्हा कधी द्यायचा

बहुतेक वेळा टेबल लिहिणाऱ्याचे लक्ष शोधण्याच्या वेगावर असते. माझ्या मते त्याहून अधिक विचार पुनर्वापराच्या नियमाचा करायला हवा. पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या प्रमाणकाने फाइल उघडताना उपलब्ध असलेला सर्वांत लहान क्रमांकच द्यावा, असा नियम घालून दिला आहे. शून्य बंद करून लगेच फाइल उघडली की ती फाइल प्रमाण इनपुट होते, अशी जुनी युक्ती त्याच नियमावर उभी आहे. पण याचा दुसरा परिणाम असा की बंद झालेला क्रमांक तत्काळ पुन्हा वापरात येतो. एक थ्रेड डिस्क्रिप्टर ७ वर लॉगची ओळ लिहायच्या बेतात आहे. तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडने ७ बंद केला आणि तिसऱ्याने डेटाबेसची फाइल उघडली, तिला ७ मिळाला. पहिल्या थ्रेडची ओळ आता डेटाबेसच्या फाइलमध्ये जाते, आणि राइटने परत केलेले मूल्य पूर्ण यशाचे असते. मध्ये काहीच उघडले गेले नसते, तर ईबॅडएफ (अवैध डिस्क्रिप्टर) ही त्रुटी तरी हाती आली असती. लिनक्सवर क्लोज सिग्नलमुळे मध्येच तुटला, तरी तो पुन्हा करू नये, असे सांगितले जाते ते याच कारणाने: क्रमांक तोवर सुटलेला असतो, आणि दुसऱ्या क्लोजने भलत्याच कोणाची फाइल बंद होऊ शकते. प्रोसेसच्या क्रमांकांनाही हाच रोग आहे, लिनक्स ५.३ मध्ये आलेला पिडएफडी-ओपन हा (प्रोसेससाठी डिस्क्रिप्टर देणारा) सिस्टीम कॉल त्यावरचाच इलाज आहे.

जनरेशनमुळे हा धोका टळतो, पण १२ बिट किती पुरतात याचा हिशोब करून पाहावा. रिकामे स्लॉट स्टॅकसारखे ठेवले, म्हणजे शेवटी सुटलेला आधी दिला, तर कॅशला ते सोयीचे असते, परंतु सगळी उलाढाल एकाच स्लॉटवर होते. सेकंदाला एक लाख ऑब्जेक्ट घेतले आणि सोडले जात असतील, तर ४,०९५ जनरेशन सुमारे ४१ मिलिसेकंदांत संपतात आणि तेच हँडल दुसऱ्याच ऑब्जेक्टसाठी पुन्हा जन्माला येते. त्याऐवजी रांग ठेवली, म्हणजे आधी सुटलेला आधी दिला, आणि किमान १,०२४ स्लॉट रांगेत असल्याखेरीज पुनर्वापर सुरूच केला नाही, तर तोच अवधी सुमारे ४२ सेकंदांवर जातो. महिनोन्‌महिने चालणाऱ्या सर्व्हरसाठी तेही अपुरे आहे. तिथे हँडल सरळ ६४ बिटांचे करावे, ३२ बिट इंडेक्सला आणि ३२ जनरेशनला द्यावेत. त्याच उलाढालीत स्टॅकला फिरून यायला जवळजवळ १२ तास लागतात आणि १,०२४ च्या रांगेला सुमारे ५०० दिवस. जनरेशन संपलेला स्लॉट कायमचा निवृत्त करण्याचा मार्गही आहे, मात्र ३२ बिटांच्या हँडलमध्ये एवढ्या वेगाने अख्खे टेबलच अर्ध्या दिवसात निवृत्त होईल. जनरेशनचा आकडा कोणत्याही परिस्थितीत अनसाइन्ड असावा, कारण साइन्ड पूर्णांक मर्यादेबाहेर गेल्यावर काय व्हावे, हे सी भाषेने ठरवलेलेच नाही.

शोध आणि वापर यांच्या मधली फट

हँडल आल्यावर इंडेक्स वेगळा काढावा, तो आतापर्यंत वापरात आलेल्या स्लॉटांच्या संख्येपेक्षा लहान आहे का हे पाहावे, मग जनरेशन आणि प्रकार तपासावा. कोड कर्नलसारख्या जागी चालणार असेल, तर सीमा तपासल्यानंतरही इंडेक्स मास्क करावा, म्हणजे बिटांच्या गणिताने सीमेच्या आत आणावा लागतो, कारण स्पेक्टर प्रकारच्या हल्ल्यात प्रोसेसर ती तपासणी पूर्ण होण्याआधीच पुढचे वाचन करून बसतो. लिनक्सचे डिस्क्रिप्टर शोधणारे फंक्शन ही काळजी घेते.

एवढे सगळे खरे निघाले, तरी शोधणाऱ्या फंक्शनने नुसता पॉइंटर परत करू नये. तपासणी आणि वापर यांच्या मधल्या क्षणात दुसऱ्या थ्रेडने ऑब्जेक्ट नष्ट केले, तर आपण पुन्हा पहिल्याच अडचणीत येतो. म्हणून टेबलाचे लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत येऊ देणारे कुलूप) हातात असतानाच ऑब्जेक्टचा रेफरन्स काउंट, म्हणजे ते सध्या किती जणांनी धरले आहे त्याचा आकडा, एकाने वाढवावा आणि मगच लॉक सोडावे. घेणारा आपले काम झाले की तो कमी करील. टेबलाचा स्वतःचाही एक रेफरन्स असतो. हँडल बंद करणे म्हणजे जनरेशन वाढवणे, स्लॉटमधला पॉइंटर काढून घेणे आणि टेबलाचा तो एक रेफरन्स सोडणे, एवढेच. ऑब्जेक्ट प्रत्यक्षात नष्ट होते ते काउंट शून्य झाल्यावर. ऑब्जेक्ट वेगळ्या मेमरीत असेल, तर स्लॉट लगेच रांगेत टाकता येतो, पण ते स्लॉटच्या आतच राहत असेल, तर शेवटचा रेफरन्स सुटेपर्यंत स्लॉट अडवून ठेवावा लागतो. नष्ट करणारे फंक्शन टेबलाचे लॉक सोडल्यानंतरच बोलवावे, कारण ते स्वतः आणखी हँडले बंद करू पाहील आणि त्याच लॉकवर अडकून बसेल.

या लॉकसाठी सुरुवातीला एक साधे म्यूटेक्स पुरे आहे. मोजमापाने ते अपुरे ठरले, तरच लॉकविना शोधाकडे वळावे; त्यात काउंट शून्य नसेल तरच वाढवायचा असतो, आणि वाढवल्यानंतर टेबलात अजून तेच ऑब्जेक्ट आहे का, हे पुन्हा पाहायचे असते. लिनक्स कर्नल फाइल शोधताना नेमके हेच करतो आणि मध्ये बदल झालेला दिसला, तर रेफरन्स सोडून पुन्हा प्रयत्न करतो. दुसरी तपासणी गाळली, तर वर्षभर चालून एक दिवस कोसळणारा कोड मिळतो.

तपासणी आणि गळती

हँडल टेबलाचा एक तोटा क्वचितच सांगितला जातो: स्लॉट आपणच पुन्हा वापरत असल्यामुळे मेमरी खऱ्या अर्थाने मोकळी होत नाही, आणि अ‍ॅड्रेस सॅनिटायझरसारखे, मोकळ्या केलेल्या मेमरीचा वापर पकडणारे साधन मुके होते. रिकाम्या स्लॉटची मेमरी त्याच्या मॅक्रोने स्वतः 'विषारी' म्हणून नोंदवावी, म्हणजे चुकीचा वापर पुन्हा पकडला जातो. डीबग बिल्डमध्ये प्रत्येक स्लॉटमध्ये हँडल मागणाऱ्याची फाइल आणि ओळ नोंदवून ठेवली, तर गळतीचा, म्हणजे बंद करायच्या राहून गेलेल्या हँडलांचा, शोध मिनिटांत लागतो.

जनरेशन फिरून येण्याची चाचणी घ्यायची असेल, तर चाचणीच्या बिल्डमध्ये ते कमाल मूल्याच्या जवळून सुरू करावे. लिनक्सचा जिफीज हा टायमरचे ठोके मोजणारा काउंटर (त्याचे ३२ बिटांचे मूल्य) याच हेतूने बूटनंतर साधारण पाच मिनिटांत फिरून यावा, अशा मूल्यापासून सुरू होतो. फिरण्यातले दोष मग लगेच समोर येतात.

टेबलाला वरची मर्यादा ठेवावी आणि 'टेबल भरले' ही त्रुटी 'हँडल अवैध' या त्रुटीपासून वेगळी ठेवावी. लिनक्सवर एका प्रोसेसच्या डिस्क्रिप्टरांची नेहमीची सौम्य मर्यादा १,०२४ असते आणि विंडोजमध्ये जीडीआय (चित्रणाच्या) हँडलांची १०,०००; या मर्यादा गळती लवकर उघड करतात म्हणूनही उपयोगी आहेत. अवैध हँडल आल्यास डीबग बिल्डने तिथेच थांबावे, रिलीज बिल्डने त्रुटी परत करावी. टेबल बंद करताना प्रथम नवी हँडले देणे थांबवावे, मग उरलेली बंद करावीत आणि रेफरन्स शून्यावर येईपर्यंत ब्लॉकांची मेमरी सोडू नये. ठरावीक वेळात ते शून्यावर आले नाहीत, तर उरलेल्या स्लॉटांची फाइल आणि ओळ छापून बाहेर पडावे.