मुलांना आलेलं गिफ्ट आधी उलटंपालटं करून बघा

लोक प्रेमानेच आणतात हो, पण वर्षाच्या बाळाला बारीक तुकड्यांचा ब्लॉकसेट असं काहीतरी हमखास येतंच. कागद फाडायची मजा पोराला घेऊ द्या, पण बॉक्स उघडायच्या आधी त्यावरचं वय बघा, ३ वर्षांखालच्यांसाठी नाही असं लिहिलेलं असेल तर ते बारीक पार्ट घशात अडकतात म्हणून असतं, 'आमचं पिल्लू हुशार आहे, खेळेल' हे तिथे चालत नाही. गाणी म्हणणारं, लाइट लागणारं खेळणं असेल तर बॅटरीचं झाकण बघा, स्क्रू नसेल आणि आत बटण सेल असेल तर सरळ बाजूला ठेवा, तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर २ तासांत आतून गंभीर भाजू शकतं, मग वाट न बघता हॉस्पिटलच गाठायचं. छोटे पॉवरफुल मॅग्नेट तर घरातच नकोत. बाकी नुसतीच कानठळ्या बसवणारी गाडी असेल तर स्पीकरच्या भोकांवर जाड चिकटपट्टी लावा, आवाज बराच उतरतो (देणाऱ्याला कळतही नाही). आणि कुणी 'काय आणू' विचारलं की 'कशाला उगाच' म्हणत बसू नका, वय आणि कपड्यांचा साइज सांगून मोकळे व्हा.