ग्राफिक्स कार्डाआधी एसएमपीएसचं लेबल वाचा

कंपनीचा तयार डेस्कटॉप गेमिंगसाठी वाढवायचाय? मग कार्डाचा भाव विचारण्याआधी कॅबिनेट उघडा आणि एसएमपीएसवरचं, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचं, लेबल वाचा. ऑफिसातून निघालेल्या सेकंडहँड मशीनमध्ये तो बऱ्याचदा 180 ते 300 वॅटचाच असतो, आणि कार्डाला लागणारी 6 किंवा 8 पिनची वायर त्यात नसतेच. बदलून टाकू म्हणाल, तर डेल-एचपीच्या अनेक मॉडेलांत मदरबोर्डचा कनेक्टरच वेगळा असतो. दुकानातला साधा एसएमपीएस बसत नाही.

अशा वेळी स्लॉटमधूनच, म्हणजे मदरबोर्डवर कार्ड खोचतात त्या खाचेतूनच, वीज घेणारं कार्ड बरं. स्लॉट 75 वॅटपर्यंत देतो आणि 6 जीबीचा आरटीएक्स 3050 सत्तरात भागवतो. तरी घेताना कार्डाची कड बघून घ्या, पॉवरचं सॉकेट असेल तर ते आपल्या कामाचं नाही. कॅबिनेट बारीक असेल तर लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं कार्ड मागा.

8 जीबीची एकच रॅम असेल तर त्याच स्पीडची दुसरी लावा. दोन्ही रॅम एकाच वेळी जोडीने चालतात (ड्युअल चॅनेल), त्यामुळे गेम अडखळणं कमी होतं.

आणि सोलापूरचा उन्हाळा! पारा चाळिशीपार गेला की मशीन तापून गेम आपोआप मंदावतो, दोष मात्र कार्डाला मिळतो. पूर्व भागात यंत्रमागाशेजारी घर असेल तर सुताचे तंतू हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या, पट्ट्यांत गादीसारखे बसतात. मशीन बंद करून, वायर काढून ब्लोअर मारा. मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर वाऱ्याने भरधाव फिरून बेअरिंग जातं.