फौजीची ऑनलाइन डिग्री: कंपनीवाले नेमकं काय बघतात आणि आपण काय तयारी ठेवायची

परवा गावाकडच्या एका पोराचा फोन आला, अजून पलटणीत आहे, येत्या जानेवारीत पेन्शन येतोय. म्हणाला काका, इग्नूमधनं (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ) बीए झालंय पण ते घरबसल्या केलेलं, सिव्हिलमध्ये त्याला कोण विचारतं का? हा फोन मला महिन्यातनं दोनतीन वेळा तरी येतो, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय. मी फौजेच्या सिग्नल्स म्हणजे संदेशवहन विभागातनं हवालदार म्हणून २० वर्षांनी बाहेर पडलो, बी.कॉम. नोकरीत असतानाच इग्नूमधनं केलं, आणि आता चाकणला एका वेअरहाऊसमध्ये अ‍ॅडमिन बघतो, भरती निघाली की एचआरच्या मॅडमबरोबर मीपण इंटरव्ह्यूला बसतो. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघून झालंय.

माझा अनुभव सांगतो. डिग्री ऑनलाइन आहे एवढ्यावरनं फौजीला नाकारलेलं मी फार कमी बघितलंय. नाकारतात ते शंका आल्यावर. डिग्री खरी आहे का, नोकरी करता करता ही केली कधी, आणि त्यातलं याला येतं काय, या तीन शंका असतात. तिन्हीचं उत्तर फाइलमध्ये आणि तोंडात तयार असलं की पुढचा अर्धा तास ते तुमच्या सर्व्हिसबद्दलच विचारतात, आणि तिथं आपण कुणाला ऐकत नाही.

पहिलं म्हणजे कायदा काय म्हणतो ते स्वतःला माहीत पाहिजे. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२० चे मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे नियम आहेत, त्यात स्पष्ट आहे की मान्यता असलेल्या विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही कॉलेजात जाऊन घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची धरायची, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने हेच परत नोटीस काढून सांगितलं. ती नोटीस एक पानाची आहे, प्रिंट काढून फाइलमध्ये ठेवा. भांडायला नाही, पण समोरचा नवीन पोरगा असेल आणि अडला तर शांतपणे पुढं सरकवता येते. हां, पण एक लक्षात ठेवा, काही जाहिरातींमध्ये, खास करून सरकारी कंपन्यांच्या इंजिनिअर किंवा मॅनेजमेंटच्या जागांना, "फुल टाइम रेग्युलर" असं लिहिलेलंच असतं, तिथं फॉर्म भरून पैसे घालवू नका, जाहिरातीची ती ओळ आधी वाचा.

डिग्री खरी आहे का

हे अ‍ॅडमिशनच्या आधी बघायचं, नंतर नाही. यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर विद्यापीठाचं नाव, कोर्सचं नाव आणि तुमचं सेशन, तिन्ही बघायचं. नुसतं विद्यापीठ यादीत आहे म्हणून भागत नाही, तोच कोर्स त्याच वर्षाला मान्य होता का ते महत्त्वाचं. २०२४ पासून तर अ‍ॅडमिशनला डेब आयडी (याच ब्युरोचा विद्यार्थी नंबर) लागतोच, तो तुमच्या एबीसी आयडीवरनं (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं) स्वतः काढायचा, एजंटला काढायला देऊ नका. इग्नू किंवा नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, १९८५ आणि १९८९ पासूनची सरकारी विद्यापीठं आहेत, एचआरवाल्यांना नाव ऐकून माहीत असतं, तिथं अर्धी शंका तिथंच मिटते. खासगी विद्यापीठाची ऑनलाइन डिग्रीपण चालते, फक्त तपासून घ्या.

आणि काही गोष्टी दूरस्थ होतच नाहीत. इंजिनिअरिंग, मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, लॉ, हे कुणी घरबसल्या देतो म्हणाला की तिथनं उठायचं. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने काही अभिमत विद्यापीठांच्या दूरस्थ इंजिनिअरिंग डिग्र्यांवर निकाल दिला तेव्हा वर्षानुवर्षं नोकरी करणाऱ्या माणसांच्या डिग्र्या अडचणीत आल्या. आपल्याकडं रिटायरमेंटच्या वर्षात फोनवर फोन येतात, "साहेब, सहा महिन्यात ग्रॅज्युएशन, मागच्या तारखेचं देतो, पेपर लिहायला यायची गरज नाही". तीन वर्षांची पदवी सहा महिन्यात होत नाही, एवढं पाठ करा. २० वर्षं इमानानं वर्दी घातली आणि शेवटी खोट्या कागदावर नाव डागाळलं, असं होऊ देऊ नका, माझी कळकळीची विनंती आहे.

अजून एक घोटाळा बऱ्याच जणांचा होतो. १५ वर्षं सर्व्हिस झालेल्या दहावी पास जवानाला पदवीच्या बरोबरीचं सर्टिफिकेट मिळतं, आणि पोरं समजतात आपण ग्रॅज्युएट झालो. ते केंद्र सरकारच्या ग्रुप सी च्या जागांसाठी आहे, जिथं तांत्रिक अनुभव लागत नाही तिथं. बँकेच्या क्लार्कच्या भरतीतपण १५ वर्षांच्या सर्व्हिसची सवलत असते. पण बँकेच्या ऑफिसरला खरी डिग्री लागते, आणि खासगी कंपनीत ते सर्टिफिकेट दाखवलं की बहुतेक ठिकाणी ते बाजूला ठेवून विचारतात, डिग्री कुठाय? सरकारी बँकेत क्लार्कच्या जागांत माजी सैनिकांना १४.५ टक्के आरक्षण आहे, शिपाई वर्गात २४.५ टक्के, म्हणजे जागा आहेत. पण वर चढायचं असेल तर डिग्री नोकरीत असतानाच सुरू करा. आणि क्रम सरळ ठेवा, दहावी, बारावी, मग पदवी. मधली बारावी उडवून मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारीचा कोर्स करून पदवीला गेलेल्यांची फॉर्म भरताना फार ओढाताण होते.

केली कधी?

हा प्रश्न ते हमखास विचारतात आणि आपली पोरं इथंच अडखळतात. मागच्या वर्षी आमच्याकडं एक नाईक आला होता, कपडे कडक, बूट चकाचक. मॅडमनी रेझ्युमे बघून सरळ विचारलं, "सर, २०१९ ला तुम्ही सिक्कीमला होतात, आणि डिग्री पुण्याच्या सेंटरची कशी?" बिचारा गप्प. कॉपी केल्यासारखा चेहरा झाला त्याचा, आणि त्यानं काहीच चुकीचं केलेलं नव्हतं. मी मध्ये पडलो, म्हटलं परीक्षा कधी दिली? तर म्हणाला जूनला सुट्टी टाकून यायचो. मग मोबाइलमधनं जुनी हॉल तिकिटं दाखवली, जून, डिसेंबर, परत जून. मॅडमचा चेहराच बदलला. डोंगरात ड्यूटी करून, रात्री हातानं असाइनमेंट लिहून, सुट्टीतले दहा दिवस पोराबाळांऐवजी परीक्षेला देणारा माणूस, याच्यापेक्षा चिकाटीचा पुरावा कुठला देणार? घेतला त्याला, आज आमच्याकडं शिफ्ट सांभाळतोय.

तर हॉल तिकिटं फेकू नका. प्रत्येक सत्राची मार्कशीट, असाइनमेंट जमा केल्याची पावती, फीच्या पावत्या, सगळं एका क्लिअर फोल्डरमध्ये तारखेप्रमाणे लावा. आणि नोकरीत असतानाच डिग्री झाल्याची नोंद युनिटमधनं रेकॉर्डला घालून घ्या, नाहीतर डिस्चार्ज बुकात (फौज सोडताना मिळणारं सर्व्हिसचं पुस्तक) शिक्षण दहावीच राहतं आणि फॉर्मवर तुम्ही पदवीधर लिहिता, मग तपासणी करणारा त्यावरच बोट ठेवतो. युनिट सुटल्यावर ही नोंद करायला रेकॉर्ड ऑफिसला पत्र पाठवत बसावं लागतं.

फॉर्ममध्ये फुल टाइम, पार्ट टाइम, डिस्टन्स असा पर्याय येतो, तिथं खरं तेच निवडा. लपवायचं काही नाही, आणि लपवलं की नंतर नोकरी गेल्याचंही मी बघितलंय.

माझी स्वतःची अडचण नावाची झाली होती. डिग्रीवर आधी नाव मग आडनाव, सर्व्हिस रेकॉर्डला आडनाव आधी, आणि आधारवर वडिलांचं नावच नाही. पहिल्या कंपनीत जॉइन होताना व्हेरिफिकेशनवाल्यांनी "दोन वेगळी माणसं" म्हणून फाइल परत पाठवली. दोन महिने घरी बसलो, पगार नाही, बायको विचारायची झालं का, काय सांगणार. शेवटी प्रतिज्ञापत्र करून, कागद जोडून सुटलं. तुम्ही हे पेन्शन यायच्या वर्षभर आधी करा. दहावीची सनद, आधार, पॅन, डिस्चार्ज बुक, डिग्री, सगळी समोर ठेवून एकेक अक्षर मिळवून बघा. डिग्री डिजिलॉकरमध्ये दिसते का तेपण बघा, दिसली तर तपासणी लवकर उरकते, नाहीतर कंपनी विद्यापीठाला पत्र लिहिणार आणि उत्तराची वाट बघणार.

येतं काय

डिग्री आणि सर्व्हिस दोन वेगळ्या डब्यात ठेवू नका, इथं जोडणी करायची असते. रेझ्युमेवर "बी.कॉम., इग्नू" एका कोपऱ्यात आणि "हवालदार, स्टोअर" दुसऱ्या कोपऱ्यात, असं असलं की वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. आमच्याकडं आलेल्या एकानं लिहिलं होतं, "रेशन स्टोअर सांभाळले". मी त्याला बसवून विचारत गेलो, किती माणसांचं? १२० जवानांचं. माल कसा यायचा, हिशोब कोण ठेवायचं, ऑडिटला कोण उभं राहायचं? मीच. मग ते असं झालं: "१२० जणांच्या धान्यसाठ्याची आवक-जावक, लेजर आणि वार्षिक स्टॉक तपासणी तीन वर्षं एकट्याने पाहिली, याच काळात बी.कॉम. केले, कॉस्टिंगचे पेपर रोजच्या कामात वापरले." माणूस तोच, पण आता वेअरहाऊसवाला खुर्चीत पुढं सरकून वाचतो. फक्त युनिटचा नंबर, तैनातीची ठिकाणं, हत्यारांची नावं असलं काही रेझ्युमेवर घालू नका, ते घालायचंही नसतं आणि कंपनीला उपयोगही नसतो.

डिग्रीतला एक विषय असा तयार ठेवा की त्यावर पाच मिनिटं मराठीत किंवा मोडक्या इंग्रजीत का होईना बोलता येईल. "सब्जेक्ट कुठले होते?" यावर नुसतं "जनरल" म्हणालात की ऑनलाइन म्हणजे पाट्या टाकल्या, असं त्यांच्या मनात पक्कं होतं.

सगळ्या कंपन्या एकसारखं बघत नाहीत. सिक्युरिटी आणि फॅसिलिटीवाले डिग्रीपेक्षा डिस्चार्ज बुक आणि चारित्र्य बघतात, सुपरवायझरच्या वर जायचं तेव्हा डिग्री कामाला येते. लॉजिस्टिक्स आणि कारखान्यातलं अ‍ॅडमिन, इथं आपल्याला सगळ्यात जास्त मान आहे असं माझं मत. आयटीत मात्र डिग्री दाराच्या आत सोडते, पुढं काम करून दाखवावं लागतं. मोठ्या कंपन्यांचे फॉर्म आधी कॉम्प्युटर चाळतो, तिथं पदवीच्या रकान्यात काही नसलं तर माणसापर्यंत कागद पोचतच नाही. म्हणून डिग्री घ्याच.

अग्निवीर पोरांनी हे जास्त मनावर घ्या. चार वर्षं म्हणता म्हणता जातात, आणि पहिली बॅच तर २०२२ च्या शेवटी ट्रेनिंगला गेली होती. २०२२ मध्येच सरकारने अग्निवीरांसाठी इग्नूची तीन वर्षांची पदवी जाहीर केली, त्यात निम्मे क्रेडिट (पदवीला लागणारे श्रेयांक) सर्व्हिसमधल्या ट्रेनिंगचे धरतात. इंटरव्ह्यूला हे स्वतःहून सांगा: निम्मी डिग्री मी काम करून मिळवलीय, आणि काय काम ते सांगा. सिव्हिलमधल्या लोकांना हे माहीतच नसतं, त्यांना वाटतं निम्मा अभ्यास माफ झाला.

कागद गोळा झाले की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा, तिथल्या यादीत शिक्षणाच्या रकान्यात डिग्री लिहिली गेलीय का ते स्वतः वाचून मगच सही करा.