जुन्या स्पीकरची कुजलेली कड घरीच कशी बदलावी

सत्तर-ऐंशीच्या दशकातले भारदस्त लाकडी स्पीकर आजही कुणाच्या माळ्यावर, कुठे जुन्या बाजारात सापडतात. पुढची जाळी काढली की वूफरच्या (खर्जाचा आवाज देणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) कोनाभोवतीची, म्हणजे हलणाऱ्या शंकूभोवतीची, फोमची कड भुगा होऊन गळालेली दिसते, आणि बहुतेक जण स्पीकर ‘गेला’ म्हणून तो भंगारात देतात. कृपा करून देऊ नका. बहुतेक वेळा कोन, कॉइल (कोनामागचं तारेचं वेटोळं), मॅग्नेट सगळं शाबूत असतं, गेलेली असते ती फक्त कड. हवेतल्या दमटपणाने हा फोम आतून तुटत जातो. मुंबई-कोकणात तर स्पीकर न वाजवता झाकून ठेवला तरी तो कुजतो.

आधी खात्री करून घ्या. वूफरच्या तारा सोडवून मल्टिमीटर लावा. 8 ओहमच्या वूफरला साधारण 5.5 ते 7 ओहम दिसले, तर कॉइल धड आहे. मग कड नीट पाहा. रबराची कड सहसा टिकते. चिकट लेप दिलेली कापडी कड असेल, तर तिला हातच लावू नका. एआर-3ए या 1967 सालच्या अमेरिकी स्पीकरच्या सुरुवातीच्या वूफरना कापडी कड होती, नंतरच्यांना फोमची. म्हणून मॉडेलच्या नावावरून सामान मागवू नका, समोरचा वूफर पाहून मागवा. ‘8 इंची’ एवढं सांगूनही भागत नाही. कोनाचा बाहेरचा व्यास आणि फ्रेमवर कड बसते त्या पट्टीचा आतला-बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून ठेवा.

जुना फोम आणि गोंद काढायला एक अख्खी संध्याकाळ जाते, ती जाऊ द्या. कापसाचा बोळा, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लाकडी पट्टी एवढंच वापरा. लोखंडी हत्यार मॅग्नेट खेचून घेतो आणि कोन फाटतो. अ‍ॅसिटोन तर नकोच. त्या काळच्या अनेक ब्रिटिश वूफरचे कोन बेक्स्ट्रीन या प्लॅस्टिकचे असतात आणि ते अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतात.

आता खरं काम. व्हॉइस कॉइल ज्या फटीत हलते ती जेमतेम कागदाच्या जाडीची असते, आणि कड चिकटवताना कॉइल तिथे अगदी मधोमध राहायला हवी. त्यासाठी मधली गोल डस्ट कॅप ब्लेडने हळूहळू कापून उचला. ब्लेड आडवं धरा, कॉइलच्या बारीक तारा जवळच असतात. जुन्या एक्स-रे फिल्मच्या बोटभर लांब, अरुंद चार पट्ट्या कापा आणि चार दिशांनी कॉइल व मधल्या लोखंडी खांबाच्या मध्ये सरकवा. पट्टी किंचित अडून आत गेली म्हणजे जाडी बरोबर. पहिल्या वेळी मी हे टाळलं आणि नजरेच्या अंदाजाने कड चिकटवली. दुसऱ्या दिवशी तबल्याच्या डग्ग्यावर थाप पडली की आतून खर्र, आणि नवी कोरी कड ओरबाडून काढावी लागली.

पट्ट्या आत ठेवूनच आधी कड कोनाला चिकटवा. कागदी कोनाला पांढरा गोंद उत्तम, प्लॅस्टिकच्या कोनाला कडेबरोबर येणाराच गोंद घ्या. रात्रभर वाळू द्या, मग फ्रेमला चिकटवा, पुन्हा रात्रभर. पट्ट्या काढून कोन दोन्ही हातांच्या बोटांनी समान दाबा आणि कान जवळ न्या. घासल्याचा आवाज नसेल, तरच डस्ट कॅप परत लावा.

खोकं उघडलंच आहे तर क्रॉसओव्हरही पाहा, म्हणजे खर्ज वूफरला आणि बारीक, उंच सूर ट्वीटर या छोट्या स्पीकरला वाटून देणारं सर्किट. आधी त्याचा फोटो काढा. त्यातले जुने बायपोलर इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर कालांतराने मापातून सरकतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर फिल्म कॅपॅसिटर मिळतात, तेवढ्याच मायक्रोफॅरडचे घ्या. ट्वीटर जरा टोकदार वाटला, तर कॅपॅसिटरला सीरिजमध्ये अर्धा ते एक ओहमचा रेझिस्टर जोडा. जुन्या कॅपॅसिटरचा अंगचा रोध मूळ रचनेतच धरलेला असू शकतो. ट्वीटर मुकाच असेल, तर तो जळाला असं लगेच मानू नका. एआर-3एसारख्या स्पीकरमध्ये मागची आवाज कमी-जास्त करायची बटणं गंजतात. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ती दहा-वीस वेळा फिरवा. सुधारणा म्हणून महागड्या तारांवर पैसे घालवू नयेत असं माझं ठाम मत आहे.

बंद खोक्याच्या स्पीकरमध्ये आतली हवाच कोनाला स्प्रिंगसारखा आधार देते, म्हणून वूफर बसवताना गॅस्केट (वूफर आणि खोक्यामधली हवा अडवणारी पट्टी) नवी घाला. आत काचेचं लोकर असेल तर मास्क आणि हातमोजे हवेत. वूफर बसला की कोन हलका आत दाबून सोडा. तो सावकाश परतला, तर खोकं हवाबंद आहे. झटकन परतला, तर कुठेतरी हवा गळते.

शेवटी दीड व्होल्टचा सेल घेऊन दोन्ही वूफरना आळीपाळीने क्षणभर लावा, अधिक टोक अधिकाला. सहसा कोन बाहेर येतो. जेबीएलच्या जुन्या वूफरमध्ये तो आत जातो आणि तेही बरोबरच. दोन्ही वूफर एकाच दिशेला हलले पाहिजेत. तसे हलले की दोघांच्या बरोबर मध्ये बसून गाणं लावा, गाणाऱ्याचा आवाज समोरच्या रिकाम्या भिंतीवरून येईल.