अपग्रेडनंतर सर्व्हर सुरू होत नाही तेव्हा: नव्या सिस्टिम अ‍ॅडमिनसाठी काही अनुभव

ऑपरेटिंग सिस्टिमचा अपग्रेड पूर्ण होतो, रिबूटची आज्ञा दिली जाते, पिंगला (सर्व्हर नेटवर्कवर आहे का हे विचारणाऱ्या आज्ञेला) उत्तर येणे थांबते आणि नंतर ते येतच नाही. लिनक्स सर्व्हर सांभाळण्याच्या कामात नव्याने आलेल्या प्रत्येकाला हा प्रसंग कधी ना कधी गाठतो आणि त्या क्षणी मनात येतो तो सगळे बॅकअपवरून पुन्हा उभारण्याचा विचार. माझा अनुभव असा आहे की अशा सर्व्हरवरचा डेटा बहुतेक वेळा शाबूत असतो. अडलेला असतो तो सुरू होण्याच्या क्रमातील एखादाच टप्पा. तो टप्पा कोणता हे ठरवण्याआधी केलेली दुरुस्ती अंदाजपंचे असते, शिवाय तिच्यामुळे मूळ बिघाडाच्या खुणाही पुसल्या जातात. म्हणून नवख्या सहकाऱ्यांना मी सर्वांत आधी एवढेच सांगतो की, यंत्र कुठवर पोहोचले ते पाहा आणि मगच हात लावा.

त्यासाठी कन्सोल, म्हणजे यंत्राचा स्वतःचा पडदा आणि कीबोर्ड, हवा. पिंगला उत्तर नाही याचा अर्थ सर्व्हर सुरू झाला नाही असा होत नाही. अपग्रेडमध्ये नेटवर्क कार्डाचे नाव बदलले, उदाहरणार्थ जुने ईटीएच-शून्य जाऊन नव्या पद्धतीचे नाव आले, की जुन्या नावाने लिहिलेली नेटवर्कची मांडणी लागू होत नाही. यंत्र पूर्ण सुरू असते, लॉगिनची ओळ पडद्यावर थांबलेली असते, फक्त बाहेरून ते मेल्यासारखे दिसते. मोठी मेमरी असलेल्या सर्व्हरला फर्मवेअरची तपासणी संपवायलाच काही मिनिटे लागतात. एसई-लिनक्स ही सुरक्षा व्यवस्था वापरणाऱ्या यंत्रांवर मोठ्या अपग्रेडनंतर पहिल्या बूटमध्ये सगळ्या फाइलींना नव्याने लेबले लावली जातात आणि फाइली पुष्कळ असल्या तर हे काम बराच वेळ चालते. ते चालू असताना वीज तोडणे हा सर्वांत वाईट निर्णय ठरतो. आयड्रॅक, आयएलओ किंवा साधे आयपीएमआय, जे काही दूरस्थ नियंत्रण उपलब्ध असेल ते उघडून पडदा पाहावा आणि पडद्याचा फोटो काढून ठेवावा, कारण पुढच्या रिबूटनंतर तो मजकूर परत मिळेलच असे नाही.

सुरू होण्याचा क्रम पाठ असला की पडदा वाचता येतो. बायॉस किंवा यूईएफआय हे फर्मवेअर बूटलोडरला बोलावते. बूटलोडर, म्हणजे बहुधा ग्रब, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा मुख्य भाग) आणि इनिट्रॅमएफएस (फक्त सुरुवातीला लागणारी छोटी फाइल सिस्टिम) मेमरीत आणतो. इनिट्रॅमएफएसमधील ड्रायव्हर आणि स्क्रिप्ट मूळ फाइल सिस्टिम शोधून जोडतात. त्यानंतर सेवा सांभाळणारी सिस्टिमडी ताबा घेते, एफएसटॅब या यादीतील उरलेली पार्टिशने (डिस्कचे भाग) जोडते आणि सेवा सुरू करते. प्रत्येक टप्प्याची अडचण वेगळ्या शब्दांत दिसते. पडदा एखाद्या लोगोवरच गोठला असेल तर ग्रबच्या मेनूत ई दाबून कर्नलच्या ओळीतून क्वाएट, स्प्लॅश किंवा आरएचजीबी हे शब्द काढावेत आणि कंट्रोल-एक्सने पुढे जावे. हा बदल फक्त त्या एका बूटपुरता असतो, त्यामुळे त्यात धोका नाही आणि लपलेले सगळे संदेश दिसू लागतात.

ग्रबचा बिघाड जरा सविस्तर सांगतो, कारण नवख्या माणसाला तोच सर्वांत जास्त घाबरवतो. बायॉस पद्धतीच्या यंत्रावर ग्रब दोन ठिकाणी राहतो: गाभ्याचा लहान भाग डिस्कच्या सुरुवातीच्या सेक्टरांमध्ये आणि बाकीची मॉड्यूल्स बूट फोल्डरमध्ये. हे दोन्ही भाग एकाच आवृत्तीचे असावे लागतात. २९ जुलै २०२० रोजी ग्रबमधील बूटहोल ही सुरक्षा त्रुटी जाहीर झाली आणि तिच्या दुरुस्तीसोबत ग्रब-कॅलॉक हे नवे फंक्शन आले. ज्या यंत्रांवर मॉड्यूल्स नवी झाली पण डिस्कवरचा गाभा जुनाच राहिला, त्यांच्या पडद्यावर ‘सिम्बॉल ग्रब-कॅलॉक नॉट फाउंड’ असा संदेश आणि खाली ग्रब रेस्क्यूची ओळ उभी राहिली.

मी हाच प्रकार दोन डिस्कांच्या रेड-१ जोडीवर (दोन्हींवर एकसारखाच डेटा असतो) पाहिला आहे. पूर्वी एक डिस्क खराब झाल्याने बदललेली होती आणि नव्या डिस्कवर ग्रब हाताने बसवलेला होता, मात्र डेबियन या लिनक्स वितरणातील ग्रब पॅकेजच्या नोंदीत ती डिस्क कधी आलीच नव्हती. अपग्रेडने नोंदीत असलेल्या डिस्कवरचा गाभा नवा केला आणि बायॉस मात्र बदललेल्या डिस्कवरून, म्हणजे जुन्या गाभ्यावरून, यंत्र सुरू करत होता. येथे सर्वांत कमी हस्तक्षेपाचा उपाय फर्मवेअरच्या बूट मेनूतच होता: दुसरी डिस्क निवडताच यंत्र व्यवस्थित उभे राहिले. त्यानंतर चालू सिस्टिममधूनच ग्रब-पीसी पॅकेजची डीपीकेजी-रीकॉन्फिगर ही आज्ञा चालवून दोन्ही डिस्का नोंदवल्या आणि गाभा दोन्हींवर नव्याने बसवला. रेस्क्यू मीडिया (दुरुस्तीसाठी यंत्र जिच्यावरून सुरू करतात ती वेगळी डिस्क), बॅकअप, पुनर्स्थापना यांपैकी कशाचीही गरज पडली नाही.

ग्रब पार झाला आणि कर्नल पॅनिक आला, म्हणजे कर्नल चूक सांगून थांबला, त्यातही ‘अनएबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)’ असे शब्द दिसले, तर कर्नलला इनिट्रॅमएफएस मिळालेच नाही किंवा अर्धवट मिळाले अशी शंका आधी घ्यावी. याचे नेहमीचे कारण अगदी साधे असते: बूट पार्टिशन भरलेले असते, त्यामुळे नव्या कर्नलची फाइल बसते पण इनिट्रॅमएफएस तयार होताना जागा संपते, आणि अपग्रेडच्या शेकडो ओळींमध्ये ती चूक कोणाच्या नजरेस पडत नाही. ग्रबच्या प्रगत पर्यायांमधून मागचा कर्नल निवडावा. तो सुरू झाला की मोकळी जागा पाहावी, जुनी कर्नल पॅकेजे पॅकेज मॅनेजरकरवीच काढावीत आणि नव्या कर्नलसाठी इनिट्रॅमएफएस पुन्हा बनवावे. डेबियन कुळात त्यासाठी अपडेट-इनिट्रॅमएफएस आहे, रेड हॅट कुळात ड्रॅकट. बूट फोल्डरमधील फाइली हाताने पुसू नयेत. तसे केले तर पॅकेज मॅनेजरच्या नोंदी आणि डिस्कवरची वस्तुस्थिती यांचा मेळ राहत नाही.

याहून वेगळी अवस्था म्हणजे इनिट्रॅमएफएस सुरू झाले, पण अमुक यूयूआयडीचे (पार्टिशनच्या ओळख-क्रमांकाचे) उपकरण अस्तित्वात नाही असे सांगून त्याने तुटपुंज्या शेलमध्ये आणून सोडले. येथे एकच प्रश्न विचारायचा: डिस्क दिसते का? प्रॉक फोल्डरमधील पार्टिशन्स ही फाइल वाचली की उत्तर मिळते. डिस्क दिसत असेल आणि फक्त एलव्हीएमचे (डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटणाऱ्या व्यवस्थेचे) व्हॉल्यूम जागे झाले नसतील, तर तेथूनच व्हॉल्यूम ग्रुप सक्रिय करून शेलमधून बाहेर पडले की बूट बहुधा पुढे सरकतो. मग चालू यंत्रावर इनिट्रॅमएफएस नव्याने बनवावे. डिस्कच दिसत नसेल तर कंट्रोलरचा ड्रायव्हर नाही. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ मध्ये काही जुन्या रेड आणि एसएएस कंट्रोलरांचा आधार काढून टाकला गेला. अशा हार्डवेअरवर इनिट्रॅमएफएस कितीही वेळा बनवले तरी उपयोग नसतो, कारण ड्रायव्हरला ते कार्ड ओळखताच येत नाही. अपग्रेडआधी लीप हे साधन जो अहवाल देते तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा, असा माझा आग्रह याचसाठी असतो.

सिस्टिमडीपर्यंत पोहोचून इमर्जन्सी मोडमध्ये थांबलेले यंत्र त्या मानाने सोपे. ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ असे म्हणत पडदा दीड मिनिट थांबला आणि मग रूटचा पासवर्ड मागितला, तर एफएसटॅबमधील एखादे पार्टिशन सापडलेले नाही असे बहुधा समजावे. कारण कधी पार्टिशनचा यूयूआयडी बदललेला असतो, तर कधी कोणीतरी एसडीबी असे डिस्कचे नाव थेट लिहिलेले असते आणि नव्या कर्नलने डिस्कांचा क्रम वेगळा लावलेला असतो. जर्नलसीटीएल-एक्सबी या आज्ञेने या बूटच्या नोंदी पाहाव्यात, मूळ फाइल सिस्टिम लिहिता येईल अशी पुन्हा जोडावी आणि ती ओळ यूयूआयडीने दुरुस्त करावी. जे पार्टिशन नसले तरी यंत्र चालू शकते त्याला नोफेल हा पर्याय द्यावा. एक अडचण मात्र आधीच माहीत असावी: ज्या यंत्रांवर रूटचे खाते बंद ठेवलेले असते, तेथे हा मोड बहुधा आत शिरूच देत नाही आणि रेस्क्यू मीडियाकडे वळावे लागते.

रेस्क्यू मीडियावरून सीएचरूट करताना, म्हणजे अडलेल्या सिस्टिमच्या आत शिरून आज्ञा चालवताना, क्रम चुकू देऊ नये. आधी एलएसबीएलकेने डिस्का ओळखाव्यात, रेड आणि एलव्हीएम जागे करावेत, मूळ फाइल सिस्टिम जोडावी, मग तिच्यावर बूट आणि असल्यास ईएफआय पार्टिशन जोडावे, डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे फोल्डर बाइंड करावेत, म्हणजे आतही दिसतील असे जोडावेत, आणि मगच आत जावे. बूट पार्टिशन जोडायचे राहिले तर आज्ञा बिनतक्रार पूर्ण होतात, पण नवे इनिट्रॅमएफएस मूळ डिस्कवरच्या रिकाम्या बूट फोल्डरमध्ये लिहिले जाते आणि रिबूटनंतर तोच पॅनिक समोर येतो. यूईएफआय यंत्रासाठी मीडियासुद्धा यूईएफआय पद्धतीनेच सुरू केलेला असावा, नाहीतर फर्मवेअरमधील बूट नोंदी बदलता येत नाहीत. रेड हॅट कुळातील यूईएफआय यंत्रावर ग्रब-इन्स्टॉल चालवण्याऐवजी ग्रबचे ईएफआय पॅकेज आणि शिम (ग्रबआधी चालणारा छोटा बूटलोडर) यांची पुनर्स्थापना करावी. फाइल सिस्टिमची तपासणी करायचीच असेल तर ती जोडलेली नसतानाच करावी.

यंत्र उभे राहिले तरी ते लगेच वापरकर्त्यांच्या हाती देऊ नये. यूनेमने अपेक्षित कर्नलच चालू आहे ना हे पाहावे, सिस्टिमसीटीएलकडून अपयशी सेवांची यादी घ्यावी आणि कन्सोल उघडा ठेवून आणखी एक रिबूट करावा, कारण इनिट्रॅमएफएसच्या शेलमध्ये किंवा ग्रबच्या मेनूत केलेला तात्पुरता बदल त्याच रिबूटमध्ये उघडा पडतो. रेड-१ असेल तर फर्मवेअरच्या मेनूतून दोन्ही डिस्कांवरून एकेकदा यंत्र सुरू करून पाहावे आणि दोन्ही वेळचा निकाल, काढलेल्या फोटोंसह, त्या सर्व्हरच्या नोंदीत लिहून ठेवावा.