पांढरी शाई ढवळा, घुसळू नका : टाकीतला स्टरर बनवताना या चुका टाळा

गणपतीला आठ दिवस राहिले होते. मंडळाचे काळे टी-शर्ट, छातीवर पांढरी अक्षरं. पहिले वीस झकास निघाले, पुढचे मळकट. "भाऊ, हे पांढरं असं राखाडी कावून दिसून राह्यलं?" ऑर्डर न्यायला आलेला पोरगा विचारत होता आणि मी मशीनच्या हेडचं, म्हणजे शाईचे थेंब सोडणाऱ्या भागाचं, क्लीनिंगवर क्लीनिंग मारत होतो. हेडचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. टाकीत शाई वर पातळ आणि तळाला चिखल झाली होती. आमच्या तालुक्याच्या गावात डीटीएफ मशीनचा (आधी फिल्मवर छापून मग कपड्यावर उमटवणाऱ्या प्रिंटरचा) मेकॅनिक नागपूरहून येतो, तोही बोलावल्यावर दोन दिवसांनी. म्हणून टाकीत मावेल असा स्टरर, म्हणजे शाई ढवळणारं यंत्र, स्वतःच बनवायला घेतला. तो चौथ्या खेपेला जमला. आधीचे तीन कुठे फसले, ते सांगतो.

आधी साका का बसतो ते बघा. पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी असते आणि ती पाण्याच्या चौपट जड. स्टोक्स या शास्त्रज्ञाने 1851 साली मांडलेल्या सूत्राने हिशोब केला, तर पाव मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सुटा कण पाण्याच्या पाचपट दाट शाईत दिवसाला दीड-दोन मिलिमीटरच खाली उतरतो. पण कणाचा आकार दुप्पट झाला की वेग चौपट होतो. कण एकमेकांना चिकटून एक मायक्रॉनचा गोळा झाला, तर तोच दिवसाला तीनेक सेंटिमीटर उतरतो. मे महिन्यात टिनाच्या खोलीत शाई आणखी पातळ होते, मग विचारूच नका. रंगीत शायांमधले कण त्या मानाने हलके असतात, त्यांच्या टाक्यांना हा खटाटोप नको.

माझी पहिली चूक वेगाची. जुन्या खेळण्यातली मोटर काढली, तिला पातं लावलं आणि टाकीत सोडली. पाच मिनिटांत वर फेस. ताक करताना रवीने हवा आत घालायची असते, इथे नेमकी तीच नको असते. शाईत साबणासारखी द्रव्यं असतात, त्यामुळे बारीक बुडबुडे लवकर फुटत नाहीत. ते नळीतून डॅम्परमध्ये, म्हणजे हेडच्या आधीच्या शाईच्या छोट्या डबीत, जातात आणि नोझल चेकमध्ये (हेडची छिद्रं तपासायच्या छापात) रेघा तुटलेल्या दिसतात. ओळखायची खूण सांगतो : क्लीनिंगनंतर दर वेळी वेगळ्याच जागी रेघ तुटत असेल, तर हवा समजा. तीच रेघ त्याच जागी तुटत असेल, तर कचरा किंवा वाळलेली शाई.

मग त्याच मोटरला व्होल्टेज कमी करून हळू केलं. ही दुसरी चूक, आणि बहुतेक जण इथेच फसतात. साधी मोटर कमी व्होल्टेजवर हळू होते, पण तिचा जोरही जातो. रात्रभर लाइन गेली, सकाळी तळाला साका घट्ट बसला की पातं जागचं हलत नाही, मोटर नुसती गुणगुणते आणि तापते. मुळातच 12 व्होल्टची, मिनिटाला साठेक फेऱ्यांची गिअर मोटर घ्या. अंगठ्याएवढी मिळते, झाकणावर आडवी बसते. शेल्फ आणि टाकीच्या मध्ये माझ्याकडे चार बोटं जागा होती, तेवढ्यात मावली.

सपाट पात्याने शाई फिरते, पण ढवळली जात नाही. चहाच्या कपात चमचा गोल फिरवा आणि थांबा, पत्ती मधोमध गोळा होते. याचं कारण आइन्स्टाइनने 1926 साली लिहून ठेवलंय. टाकीतही तेच होतं. सगळी शाई एका लयीत गोल फिरते आणि साका मधे ढीग करून बसतो. उपाय दोन. पात्याला 45 अंशांच्या आसपास पीळ द्या, असा की ते शाई तळाकडे ढकलेल. मग ती तळावर आपटून भिंतींकडे पसरते आणि वर चढते. दुसरं म्हणजे शाफ्ट मधोमध न ठेवता थोडा बाजूला घ्या. पातं तळापासून पाच-सात मिलिमीटरवरच हवं. वर ठेवलं तर शाई उतरताना ते उघडं पडतं आणि पुन्हा फेस. चौकोनी टाकीचे कोपरे मात्र कशालाच दाद देत नाहीत, गोल बुडाची टाकी घ्या.

शाफ्ट खालून किंवा बाजूने आत घ्यायचा मोह होईल, जागा वाचते म्हणून. घेऊ नका. ही भुकटी कडक असते, रबरी सील घासून खाते. माझी टाकी एका रविवारी अख्खी फरशीवर आली होती. वरून जमतच नसेल, तर तळाखाली लोहचुंबक फिरवून आत टेफ्लॉनचं आवरण असलेली कांडी फिरवा. फक्त वेग एकदम वाढवू नका, कांडी चुंबकाची पकड सोडून जागच्या जागी थरथरत राहते.

सामानाचं थोडक्यात : शाफ्ट स्टेनलेसचा, लोखंडी खिळा नको, गंजतो. पातं पीएलए नावाच्या प्लॅस्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट केलंत तर उन्हात उभ्या गाडीत विसरू नका, ते साठ अंशांच्या आतच मऊ पडायला लागतं. झाकणाला सुईएवढं भोक ठेवा. नाहीतर शाई उतरली की आत पोकळी होते आणि पुरवठा अडतो.

एक चूक यंत्राची नाही, पाण्याची आहे. शाई दाट वाटली म्हणून बोअरचं पाणी घालणारे मी पाहिलेत. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ का बसतो? तुरटीतलं ॲल्युमिनियम मातीच्या कणांना एकत्र आणतं. आपल्याकडच्या जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम शाईतल्या कणांशी तसंच वागतं. एकदा अशी फाटलेली शाई कुठल्याच स्टररने सावरत नाही, फेकावीच लागते.

स्टरर दिवसभर चालू ठेवायचीही गरज नाही. वरचा दीड-दोन मिलिमीटरचा हिशोब आठवा. मी टायमरवर दर तासाला पाच मिनिटं चालवतो आणि टायमर इनव्हर्टरवर घेतलाय. रात्रभर लाइन नसेल, तर सकाळी आधी दहा मिनिटं ढवळणं, मग नळीतली जुनी शाई काढून टाकणं, मगच प्रिंट. टाकीतून जाणारी नळीही तळाला टेकलेली नको, बोटभर वर हवी. नाहीतर पहिला घोट साक्याचाच जातो.

ढवळलं गेलं की नाही, हे वरून कळत नाही, कारण पांढरं सगळीकडे पांढरंच दिसतं. प्लॅस्टिकची पट्टी घ्या, पात्यापासून सगळ्यात लांबच्या जागी तळ खरवडा आणि वर काढा. शाई पट्टीवरून दुधासारखी ओघळली तर ठीक. टोकाला चुन्यासारखा गोळा चिकटून आला, तर पातं आणखी खाली घ्या.